पैलवानाच्या खांद्यांची बाटली

१

बाटलीला खांदे होते, आणि ते असायला नको होते.

पद्मजाने ती दोन्ही हातांत धरून खिडकीशी नेली. तिथे टेबलावर एक फोटो उभा होता. पाच वर्षांपूर्वी, म्हणजे १९८० च्या ऑक्टोबरात, फ्रान्समधल्या बर्गंडी नावाच्या मुलखात काढलेला. एका तळघराच्या दारात कोल्हापूरकडची तीन माणसं. मधे तिचे वडील दत्तोपंत, रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. घरात त्यांना सगळे दादा म्हणत. डावीकडे उचगावचे फौंड्रीवाले बाळासो, गळ्याला मफलर गुंडाळून. उजवीकडे नेसरीचे हंबीरराव, फेट्यासकट. पहिलं नातवंड हातात घ्यावं तशी दादांनी एक बाटली धरली होती. त्या बाटलीला खांदे नव्हते. गळ्यापासून पोटापर्यंत ती अलगद उतरत आली होती, डोक्यावरून पदर घेतलेल्या बाईसारखी.

आता पद्मजाच्या हातात होती ती ताठ, चौकोनी खांद्यांची. लाल मातीतून नुकत्याच उठलेल्या पैलवानासारखी.

लेबल मात्र तेच होतं. कोपऱ्यात द्राक्षांचा घड, खाली ग्रेनो ह्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं नाव.

"आई," पद्मजा म्हणाली, "ही दादांची बाटली नव्हे."

कालिंदीबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. "मग कुणाची असेल? कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. आजवर कुणाला दिलेली नाही मी ती."

ही बाटली म्हणजे दादांचा शब्द होता. ग्रेनोने विकतानाच बजावलं होतं, पाच वर्षं हात लावू नका. परत आल्यावर दादांनी पद्मजाला पुण्याला पत्र लिहिलं होतं: 'पंच्याऐंशीच्या दसऱ्यानंतरचा रविवार. तू, मी, हंबीर आणि बाळासो. तुझा पेला मी भरणार.' पण गेल्या वर्षी आषाढात दादा गेले. तार मिळाल्याबरोबर पद्मजा निघाली, आणि पोचली तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती. त्यानंतर ह्या घरात तिची वाट पाहणारी हीच एक वस्तू उरली होती.

रविवार परवावर आला होता.

तिने बाटली टेबलावर ठेवली. टेबल दादांच्या पुस्तकांनी भरलं होतं. ती पुण्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती आणि दोन दिवस त्यांची यादी करत होती. जुनी पुस्तकं दादा स्वतः बांधत. कीड लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालत, त्यामुळे प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीला निळसर कड आलेली.

"आणि ती पिऊन झाली की मला दे," कालिंदीबाई जाता जाता म्हणाल्या. "गोडेतेलाला होईल."

ह्या घरातून रिकामी बाटली कधी बाहेर गेली नव्हती. विसळायची, उजेडाला धरून बघायची, मग फळीवर ठेवायची. बाळासोंनी फ्रान्सहून आणलेली लांबोडकी बाटलीसुद्धा लेबलासकट फळीवर उभी होती, आत एरंडेल.

"आई, ती लांबोडकी बाळासोकाकांची. मग ही पैलवान कुणाची?"

"मला काय विचारतेस? मी गेले होते का फ्रान्सला?"

२

"तीन मुलूख, तीन घाटाच्या बाटल्या," बाळासो म्हणाले. उचगावच्या फौंड्रीतल्या त्यांच्या ऑफिसात बोलायचं म्हणजे ओरडायचं. "अल्सासची लांब आणि बारीक. बर्गंडीची उतरत्या खांद्यांची. आणि बोर्दोची बघशील तर पैलवान. हे तुझ्या दादानंच शिकवलं आमाला. मला पॅरिसात मशिनरीचं प्रदर्शन बघायचं हुतं. दत्तोपंत म्हणाला, एवढ्या लांब जाऊन मशिनं काय बघतोस, पुढं अठरा दिवस मी दावतो ते बघ."

"मग बघितलंत?"

"बघितलं, खाल्लं, प्यालं! अल्सासला घरांच्या धुराड्यांवर बगळ्यांची घरटी. पापडासारखी पातळ भाकरी, तिच्यावर कांदा आणि साय. मी चार खाल्ल्या. मग बोर्दोला गेलो. तिथं एका वाड्यात चौदा पेले मांडलेलं. त्यांची रीत काय, तर तोंडात घ्यायचं, खुळखुळवायचं आणि बादलीत थुकायचं."

"आणि?"

"हंबीरराव बिथरला की! 'पावण्यानं दिलेली वस्तू थुकायची? आमच्यात असलं पाप न्हाय.' चौदाच्या चौदा गिळलं. वर आणि आमच्या बादल्यांकडं बघून हळहळतोय. मग त्यानं तिथंच पोवाडा सुरू केला. मालकीणबाईनं टाळ्या वाजवल्या आणि एक बाटली भेट दिली. तीच त्याची पैलवान."

"ती त्यांनी उघडली का?"

"कशाचं! ट्रंकेत गोधडीत गुंडाळून ठेवलीया. गेल्या सालच्या शिमग्याला मला सांगत हुता, नातवाच्या बारशाला काढणार म्हणून. नातवाचा पत्ता न्हाय अजून." बाळासो हसले, मग जरा हळू आवाजात म्हणाले, "का गं पद्मा? रविवारचं पक्कं हाय न्हवं? मी सोडा आणतो."

"सोडा आणू नका, काका."

"दत्तोपंत बी असंच म्हणायचा. माझी अल्सासची मी सोडा घालून प्यालो तर आठ दिवस बोलला न्हाय माझ्याशी."

तर गेल्या सालच्या शिमग्यापर्यंत पैलवान नेसरीला ट्रंकेत होता. आता तो शाहूपुरीत, दादांच्या घरी कुलपाच्या आत होता, आणि अंगावर दुसऱ्याचं नाव लावून.

३

शनिवारी हंबीरराव गुळाच्या रव्यांबरोबर, म्हणजे ढेपांबरोबर, शाहूपुरीतल्या अडतीवर येत. गुळाच्या वासाने दरवळलेल्या त्या पेढीवर पद्मजा जाऊन बसली तेव्हा त्यांनी आधी चहा मागवला, मग तिच्या तब्येतीवर शेरा मारला.

"वाळलीस पोरी. पुण्यात जेवाय घालत न्हाईत वाटतं."

"काका, ग्रेनोच्या घरी काय झालं ते सांगा ना. दादांनी पत्रात अर्धंच लिहिलं होतं."

हंबीररावांचा चेहरा उजळला. "म्हातारा झ्याक माणूस. गुऱ्हाळ बघावं तसं समदं दावलं त्यानं. पयल्या दिवशी बायकोनं गोगलगायी वाढल्या. मी म्हटलं, दत्तोपंत, ही आमच्या भाजीवरची कीड, आमी मीठ टाकून मारतो. त्ये काय त्याला फ्रेंच भाषेत सांगायचं धाडस झालं न्हाय. दुसऱ्या दिशी मातर कोंबडा! अख्खी बाटलीभर वाईन वतली बाईनं त्यात. दोन तास बारीक जाळावर. समदं जांभळंजर्द. चव बेस, पर तिखटाच्या नावानं ठणाणा. मग मी पिशवीतनं घरची कांदा-लसणाची चटणी काढली."

"काढलीत?"

"काढली म्हंजे! म्हाताऱ्याला सात शिंका आल्या. आठवी आली न्हाय, तवर त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. बाईनं समदी रीत सांगितली, तुझ्या दादानं वहीत लिहून घेतली."

"आणि तुमची बोर्दोची बाटली? तिचं काय केलंत?"

हंबीरराव बशीतल्या चहाकडे बघू लागले. "ती? ती प्यालो की. थोरल्याच्या लग्नात."

"थोरल्याचं लग्न ऐंशीच्या मे महिन्यात झालं, काका. मी बुंदी वाढत होते. फ्रान्सला तुम्ही ऑक्टोबरात गेलात."

"मग धाकट्याच्या आसंल."

"धाकटा कॉलेजात आहे. परवाच भेटला मला."

पेढीवरचे दोघे हमाल फिस्सकन हसले. हंबीररावांनी डोळे वटारले, फेटा मागे सारला, पुढे ओढला. मग पद्मजाला कधी ऐकायला मिळाला नव्हता अशा आवाजात ते म्हणाले, "मला इचारू नगंस पोरी. आणि उद्या माझी वाट बी बघू नगंस. मी सकाळच्या गाडीनं गावाकडं चाललोय."

चाळीस वर्षं दादांच्या पंगतीला पहिलं पान ह्या माणसाचं असे. पद्मजा उठली. तिला राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. आपण एक बाटली शोधायला निघालो आणि दादांचा माणूस घालवून बसलो की काय!

४

"भांडं म्या घासलंया, ताई, म्हणून याद हाय," बायडाबाई म्हणाली.

पद्मजाने तिला सहज विचारलं होतं, दादांच्या आजारपणात हंबीररावकाका कितीदा आले होते. बायडाबाई वीस वर्षं घरची धुणीभांडी करत होती आणि तिला विचारलं त्याहून पुढचं सांगायची सवय होती.

"कसलं भांडं?"

"परसातलं मोठं पातेलं. ज्येष्ठातली गोष्ट. वैनी त्या दिवशी नरसोबाच्या वाडीला दर्शनाला गेलत्या. हंबीरराव पावण्यानी परसात चूल पेटवली. सायेब खुर्ची टाकून बसलेलं, मांडीवर वही. 'आता हे घाल, आता जाळ कमी कर' चाललेलं. मला म्हणालं, तू जा घरी, सांजच्याला ये. आली तर भांडं सगळं जांभळं! चिंच लावली, राख लावली, हात भरून आलं माझं. म्या म्हटलं, जांभळं शिजवली जणू. जांभळाचं दीस हुतं."

"मग बिया किती निघाल्या असतील!"

"बी?" बायडाबाई थबकली. "बी एक न्हवती बघा."

मग तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि पद्मजाला हाताने जवळ बोलावलं. "वैनीस्नी बोलू नगा. पिसं हुती, ताई. पिसं आणि हाडं. म्या कढीपत्त्याच्या बुडाला पुरली."

५

बायडाबाई गेल्यावर पद्मजा टेबलाशी बसली.

दादांची बाटली कुणी प्यालं नव्हतं. ती पातेल्यात गेली होती. पाच वर्षं जपायची म्हणून आणलेली वाईन चौथ्याच वर्षी हंबीररावांनी कोंबड्यावर ओतली, आणि चोरी झाकायला स्वतःची बाटली कपाटात ठेवली. पण मग दादा वही घेऊन शेजारी कसे बसले होते? आणि कुलपाचं काय?

तिने बाटली वळवली. लेबलाच्या कडेला उन्हात एक बारीक निळसर रेघ चमकली.

कपाटाच्या खालच्या खणात आईच्या मसाल्याच्या बरण्या होत्या. त्यांच्या चिठ्ठ्या आई भाताच्या शिताने चिकटवी. त्या सगळ्या कसरीने कुरतडलेल्या होत्या, हळद कुठली आणि हिंग कुठला कळत नव्हतं. बाटलीवरचं लेबल त्याच कपाटात सव्वा वर्ष राहून धडधाकट होतं. टेबलावरच्या पुस्तकांसारखंच.

"आई," तिने हाक मारली, "किल्ली तू दादांनाही दिली नव्हतीस?"

"त्यांना?" आतून आवाज आला. "त्यांना देणं म्हणजे काय देणं? कपाट त्यांचंच की. वाडीला जाताना मी त्यांच्या उशाशी ठेवून गेले होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीरराव एस.टी. स्टँडवर नेसरीला जायला गडहिंग्लजच्या गाडीची वाट बघत बसले होते. पद्मजा शेजारी जाऊन बसली.

"तुम्ही बोलू नका, काका. तुम्हाला जोतिबाची शपथ घातलीय ना? फक्त माझं चुकलं तर मान हलवा."

हंबीरराव दचकले. "शपथ हाय हे कुणी सांगितलं?"

"तुम्ही इतकं वाईट खोटं बोलता, की शपथ असल्याशिवाय तुम्ही त्या भानगडीत पडणार नाही." तिने आवाज खाली आणला. "ज्येष्ठात दादांचं अन्न तुटलं होतं. आई मऊ भात करायची, तो तसाच परत जायचा. एक दिवस दादा तुम्हाला म्हणाले, खाईन तर ग्रेनोच्या बाईचा कोंबडा खाईन. कोंबड्याला बाटलीभर तीच वाईन हवी. आई वाडीला गेली, किल्ली उशाशी होती. बाटली त्यांनी स्वतः काढून दिली. तुम्ही नको म्हणालात."

हंबीररावांनी मान हलवली नाही. नेसरीच्या दिशेला बघत राहिले.

"मग पद्मीला काय सांगायचं, असं तुम्हीच म्हणाला असाल. म्हणून ट्रंकेतली बाटली आणून दिलीत. लेबल दादांनी चिकटवलं. मोरचुदाची खळ ह्या घरात दुसरं कुणी करत नव्हतं. आणि शपथ घातली, कारण जिच्या घरात अंडंही येत नाही त्या आईच्या परसात कोंबडा शिजला होता."

गाडी लागली. माणसं धावली. हंबीरराव बसूनच राहिले.

"दोन वाट्या खाल्ल्या," ते अखेर म्हणाले. "दोन. महिनाभर पाणी गिळंना त्यो माणूस, बोटं चाटून म्हणतोय, हंबीऱ्या, आता ग्रेनोच्या घरात बसल्यावाणी वाटाय लागलंया. हे मी जेवणाबद्दल बोललो हं, बाटलीबद्दल काय बोललो न्हाय. शपथ मोडली न्हाय माझी."

"नाही मोडली."

"एक गोष्ट मातर मला बी उमगली न्हाय. लेबल चिकटवाय आत जाऊन बसला. अर्धा तास. एवढंसं कागुद, आणि मला दार लावाय लावलं. बघू दिलं न्हाय."

६

दुपारी शाहूपुरीत पानं मांडली तेव्हा हंबीरराव पहिल्या पानावर होते. बाळासोंनी सोड्याच्या चार बाटल्या आणल्याच होत्या. त्या दाराबाहेर ठेवायला लावल्या. पद्मजाने आईला परसातली गोष्ट सांगायला सुरुवात केली, तर कालिंदीबाईंनी हात वर केला.

"मला काय कळलं नव्हतं? वाडीहून आले तर कढीपत्त्याखाली माती उकरलेली, आणि घरभर लसणाचा वास."

हंबीररावांनी मान खाली घातली. "मग वैनी, बोलला का न्हाईसा?"

"त्या रात्री ते शांत झोपले होते," कालिंदीबाई म्हणाल्या आणि भाकरी वाढायला लागल्या. "पोट भरलेला माणूस झोपतो तसे. मी कशाला बोलू?"

बूच निघालं. घरात काचेचे पेले नव्हते, म्हणून स्टीलची फुलपात्रं घेतली. पद्मजाने आपलं फुलपात्र पुढे केलं. मग हंबीररावांनी दोन्ही हातांनी बाटली उचलली आणि देवाला अभिषेक घालावा तशी बारीक धार धरली.

वाईन आधी तुरट लागली, पिकायला आलेल्या जांभळासारखी. मग थोड्या वेळाने जिभेवर काहीतरी गोडसर मागे राहिलं. बाळासो म्हणाले, सोडा असता तर. हंबीररावांनी भरलेल्या वांग्याचा घास घेतला, वर एक घोट घेतला, आणि बोर्दोचा पोवाडा म्हणून दाखवला. बादलीचं कडवं त्यांनी तिथल्या तिथे रचलं. कालिंदीबाई हसता हसता पदर तोंडाला लावून आत गेल्या.

बाटली संपली. सवयीप्रमाणे ती कालिंदीबाईंनी उचलून नेली, आतून विसळली, आणि स्वच्छ झाली का ते बघायला खिडकीतल्या उजेडाला धरली.

"पद्मे," आतून हाक आली. "अगं, हिच्यात काहीतरी लिहिलंय."

सगळे उठले. लाल वाईन होती तोवर काही दिसणं शक्य नव्हतं. आता रिकाम्या हिरव्या काचेतून, पलीकडच्या लेबलाची पाठ दिसत होती. त्यावर पेन्सिलीने लिहिलेल्या बारीक ओळी. अक्षर दादांचं, जरा कापरं.

ह्या घरातली रिकामी बाटली कुणाच्या हातात जाते आणि ती कुठे धरून बघते, हे दादांइतकं कुणाला ठाऊक होतं?

"वाच ना, आई," पद्मजा म्हणाली. तिला स्वतःला अक्षरं नीट दिसत नव्हती.

कालिंदीबाईंनी चष्मा सारखा केला आणि बाटली थोडी थोडी फिरवत वाचलं:

"'पद्मे, खांदे बघितलेस ना? शाबास. तुझा पेला मी भरणार होतो, पण जमेलसं वाटत नाही. हंबीरकडून भरून घे, त्याचा हात मोठा आहे. कोंबडा फक्कड झाला होता. चटणी थोडी जास्त. तुझ्या आईला...'"

त्या थांबल्या.

"पुढं काय हाय, वैनी?" हंबीररावांनी विचारलं.

"'तुझ्या आईला कळू देऊ नकोस.'"

आधी बाळासो हसले, मग हंबीरराव, मग पद्मजा. डोळे पुसत पुसत हसली. कालिंदीबाईंनी बाटली बाहेरून पदराने कोरडी केली, लेबलाला धक्का न लावता. मग ती फळीवर न नेता फोटोशेजारी, उन्हात ठेवली.

"गोडेतेलाला दुसरी बघा," त्या म्हणाल्या. "आणि हंबीरभावोजी, पुढच्या वेळी पिसं लांब नेऊन पुरा. माझा कढीपत्ता नुसता माजलाय."